फ्युएल सिस्टिम क्लीनर, ॲडिटिव्ह वगैरे : इंजिनला खरंच फरक पडतो का?

पाचवागिअर

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली, आता ८२ हजार किमी झालेत. गेले दोन महिने आयडलिंगला थरथरते, सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंगमधून हाताला जाणवतं, आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जरा जास्त वेळ मारावा लागतो. एकदा पळायला लागली की काही तक्रार नाही. सर्व्हिसला दिली तर जॉब कार्डवर मला न विचारता फ्युएल सिस्टिम क्लीनर लिहिलेलं, मागच्या सर्व्हिसलाही होतं, म्हटलं सहा महिन्यांपूर्वीच टाकलंत ना मग परत कशाला, तर म्हणे दर सर्व्हिसला टाकायचंच असतं. ते खोडायला लावलं. पण मनात किडा राहिलाच म्हणून एक बाटली स्वतःच विकत आणली, सील न फोडता डिक्कीत पडून आहे. टाकू का नको? कोणी टाकून नीट बघितलंय का की नक्की काय बदलतं?

लांबचापल्ला

बिनधास्त टाक. मी दहा वर्षं दर सर्व्हिसला टाकतोय, गाडी हलकी पळते, ॲव्हरेज पण थोडं वाढतं. इंजिन आजपर्यंत खोलावं लागलं नाही, अजून काय पाहिजे.

मोजूनमापून

लांबचापल्ला, रागावू नका पण सर्व्हिसला त्याच दिवशी ऑइल बदलतं, एअर फिल्टर बदलतो, कधी प्लग बदलतात, टायरची हवा नीट होते. मग गाडी हलकी झाली ती बाटलीमुळे हे कसं ठरवलंत? आणि ॲव्हरेजचं तर एका टाकीवर काहीच कळत नाही. पंपावर नोझल कुठे कट होतं त्यावर दोनेक लिटर इकडचं तिकडे होऊ शकतं, त्यात एसी, ट्रॅफिक, वारा. मी सलग वर्षभर टाकीफुल ते टाकीफुल हिशोब ठेवला होता, काहीही न बदलता दोन टाक्यांमध्ये आठ टक्के फरक सहज दिसायचा. बाटलीने दोन टक्के वाढले असतील तरी त्या गर्दीत ते दिसणारच नाहीत. मी असं म्हणत नाहीये की काही उपयोग नाही, पण 'वाटतं' यावर जाऊ नका.

लांबचापल्ला

मान्य, वेगळं करून कधी बघितलं नाही.

इंजेक्टरवाला

माझं रोजचं काम इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारं नोझल, काढून टेस्ट बेंचवर लावायचं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

कचरा जमतो कधी ते आधी समजून घ्या. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या टोकाला पेट्रोल सतत थंड करत असतं. गाडी गरम असताना बंद केली की खरी गोम सुरू होते, वाहतं पेट्रोल थांबलं, कूलंट फिरायचं थांबलं, पण हेडमधली उष्णता वर चढत राहते आणि टोकाशी राहिलेला पेट्रोलचा थेंब तिथेच भाजतो. हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंकासारखा थर राहतो. म्हणून रोज दोन-तीन किमी जाऊन बंद, परत चालू परत बंद अशा गाड्यांचे इंजेक्टर हायवेवर पळणाऱ्या गाड्यांपेक्षा लवकर खराब होतात. भोक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा असेल नसेल, त्याच्या काठावर थर बसला की फवारा फवारा राहत नाही, धार होते.

बेंचवर काचेच्या चार नळ्या असतात, वर चार इंजेक्टर, सगळ्यांना सारखाच वेळ उघडायचं आणि नळीतली पातळी बघायची. तीन नळ्या एका रेषेत आणि चौथी बोटभर खाली, हे मी शेकडो वेळा बघितलंय. ज्याची गाडी मिसिंग मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही) त्याला ती चौथी नळी दाखवली की जास्त समजवावं लागत नाही.

आता बाटली. या प्रकारचा थर काढणारं केमिकल खरंच आहे, पॉलिइथर अमाइन, आपण पीईए म्हणू. ते गरम टोकावर टिकतं आणि थर सोडवतं, सिलिंडरच्या आतल्या कार्बनवर पण थोडंफार काम करतं. दुसरं पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, ते थर बसू न देण्यात चांगलं पण बसलेला काढण्यात पीईएच्या मागे. आणि तिसऱ्या जातीच्या बाटल्या म्हणजे जवळजवळ नुसतं रॉकेलसारखं सॉल्व्हंट, डिटर्जंट नावापुरतं. पुढचं लेबल वाचून काही कळत नाही, कंपनीच्या साइटवर त्या प्रॉडक्टची सेफ्टी डेटा शीट शोधा, घटक तिथे दिसतात.

पाचवागिअर, तू दोन गोष्टी सांग. इंजेक्शन पोर्ट आहे (पेट्रोल वाल्व्हच्या मागे फवारलं जातं) का डायरेक्ट (थेट सिलिंडरमध्ये)? आणि ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून फ्युएल ट्रिमचे आकडे दे, आयडलला किती आणि गाडी उभी ठेवून २५०० आरपीएमला किती. तोपर्यंत बाटली डिक्कीतच राहू दे.

जुनाकार्बोरेटर

मुलांनो, हे अगदी नवीन नाही. आमच्या वेळी कार्बोरेटरच्या जेटमध्ये असाच पिवळा वॉर्निशसारखा थर बसायचा, गाडी महिनाभर उभी राहिली की जेट काढून फुंकायचा. आणि पेट्रोलमध्ये काही मिसळणं तर शंभर वर्षं जुनं आहे. थॉमस मिजलीने १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत शोधलं की टेट्राएथिल लेड घातलं की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटून होणारी ठकठक, थांबतं. थांबलंही. पण शिसं आत साचायला लागलं, मग ते बाहेर न्यायला त्यात ब्रोमिनचं संयुग घातलं, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, आणि ते सगळं धुरातून लोकांच्या, लहान पोरांच्या अंगात गेलं. शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये बंद झालं. त्यामुळे टाकीत काही ओतायच्या आधी ते पुढे कुठे जातं हे विचारायची मला सवय लागली आहे.

पाचवागिअर

काका, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. इंजेक्टरवाला दादा, पोर्ट इंजेक्शन आहे. डोंगल मित्राकडून आणला. इंजिन गरम करून बघितलं, लाँग टर्म ट्रिम आयडलला +१४ टक्के. २५०० ला धरून ठेवल्यावर +३. फॉल्ट कोड काही नाही. म्हणजे खूप वाईट आहे का?

निळीहॅचबॅक

ट्रिम म्हणजे काय ते कोणीतरी साध्या भाषेत सांगा ना प्लीज. वाचतेय.

मोजूनमापून

ताई, इसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे, एक ठरलेला हिशोब असतो की एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल द्यायचं. मग सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हिशोब बरोबर आला का. हवा जास्त उरली तर इसीयू पेट्रोल वाढवतो, कमी उरली तर घटवतो. मूळ हिशोबापेक्षा किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा म्हणजे ट्रिम. शून्याच्या आसपास पाचेक टक्के वरखाली चालतं. +१४ म्हणजे इसीयू बिचारा सतत चौदा टक्के जास्त पेट्रोल ओततोय तेव्हा कुठे मिश्रण जुळतंय.

इंजेक्टरवाला

पाचवागिअर, वाईट नाही, उलट बरं झालं आकडे काढलेस. इंजेक्टर चोक असते तर रेस केल्यावर, लोड आल्यावर पेट्रोल जास्त लागतं तेव्हा कमतरता वाढायला हवी होती, म्हणजे २५०० ला आकडा तेवढाच किंवा जास्त. तुझं उलटं आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, तेव्हा कुठूनतरी न मोजलेली हवा आत खेचली जातेय, आणि रेस केल्यावर मुळातच एवढी हवा येते की त्यात ही चोरटी हवा नगण्य होते. हे व्हॅक्यूम लीक आहे. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत नेणारा) पाइप, यातलं काहीतरी. यावर दहा बाटल्या ओतल्यास तरी +१४ चे +१४ च राहतील.

स्मोक टेस्ट करून घे, आत धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. काही लोक चालू इंजिनवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात, ते करू नकोस, गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, आग लागते.

डिझेलप्रेमी

आमच्याकडे पण लक्ष द्या. डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालणारे खूप आहेत, म्हणतात पंपाला वंगण मिळतं. मी पण घालत होतो, आता डीपीएफवाली (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असलेली) गाडी घेतली तेव्हा थांबलो. बरोबर केलं का?

इंजेक्टरवाला

बरोबर केलंत. मागे कारण आहे ते असं की डिझेलमधलं सल्फर काढायच्या प्रक्रियेत त्याचा नैसर्गिक वंगणपणाही जातो. म्हणून रिफायनरी किंवा डेपोतच वंगणाचं ॲडिटिव्ह घालतात, युरोपच्या ईएन ५९० मानकात तर सल्फर १० पीपीएमपर्यंतच आणि घासण्याच्या चाचणीत धातूवरचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे जी गोष्ट तुम्ही बाटलीने घालू बघताय ती मानकाचं डिझेल असेल तर आधीच त्यात आहे. आणि टू-स्ट्रोक ऑइलमध्ये राख करणारे घटक असू शकतात, ती राख डीपीएफमध्ये कायमची बसते. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

पण डिझेलमध्ये ॲडिटिव्ह म्हणजे सगळं झूट असंही नाही हां. प्यूजोने २००० साली ६०७ मध्ये डीपीएफ दिला तेव्हा सिरियमचं ॲडिटिव्ह वेगळ्या छोट्या टाकीतून गाडी स्वतःच डिझेलमध्ये मिसळायची, त्याने काजळी कमी तापमानाला पेटायची. तिथे इंजिनिअरने ॲडिटिव्ह धरूनच गाडी बनवली होती. सिटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा) वाढवणारं टू-इथाइलहेक्झिल नायट्रेट पण खरं काम करतं, थंड स्टार्टला खडखड कमी होते. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारा एकच पाइप) २००० बारपर्यंत प्रेशर जातं, तिथे इंजेक्टरच्या आतल्या सुईवर साबणासारखा थर बसतो, त्यावरची वेगळी डिटर्जंट असतात. फक्त गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय चालतं ते बघून मगच.

निळीहॅचबॅक

आता माझं सांगते. माझी टर्बो पेट्रोल आहे, डायरेक्ट इंजेक्शन, ६५ हजार किमी. थंड असताना मिसिंग मारायची, गरम झाली की नीट. एका गॅरेजने मला सलग चार टाक्या चार बाटल्या घालायला लावल्या, शून्य फरक. मग दुसऱ्या ठिकाणी त्यांनी इनटेक मॅनिफोल्ड काढून कॅमेरा आत घातला आणि मला स्क्रीनवर दाखवलं. वाल्व्हची दांडी दिसतच नव्हती. काळं, खडबडीत, जळक्या लाकडाच्या सालीसारखं काहीतरी चहूबाजूंनी, आणि एका बाजूला तर पोर्टची अर्धी वाट बंद. मी अक्षरशः म्हटलं की चार बाटल्या गेल्या कुठे मग?

इंजेक्टरवाला

ताई, त्या बाटल्या तिथे पोचल्याच नाहीत. पोर्ट इंजेक्शनमध्ये तीन-चार बारने पेट्रोल वाल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, त्यातलं डिटर्जंट वाल्व्ह आपोआप धुतं. डायरेक्टमध्ये दीडशे, दोनशे, नव्या इंजिनांत साडेतीनशे बारने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. वाल्व्हच्या मागे पेट्रोल येतच नाही, येते ती पीसीव्हीमधून ऑइलची वाफ, ती गरम वाल्व्हवर भाजत राहते. टाकीत काहीही ओता, रस्ताच तिकडून जात नाही. टोयोटाने काही इंजिनांना दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिलेत, त्यात पोर्टवाले फवारे वाल्व्ह पण धुतात. बाकीच्यांना अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ब्लास्टिंग करून घेणं हाच खात्रीचा उपाय. ते टरफल कार्बन खरवडण्याइतकं कडक आणि वाल्व्हच्या धातूला ओरखडा न पडण्याइतकं मऊ असतं.

निळीहॅचबॅक

हो, तेच केलं शेवटी. मिसिंग गेलं. वाईट पैशांचं कमी वाटतं, चार टाक्या मी गाडी तशीच चालवली याचं जास्त, मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जातं म्हणे.

इंजेक्टरवाला

जातं, आणि कॅट तापून खराब होतो. तुमचा वाचला असेल तर नशीब चांगलं. तुमच्या गाडीत बाटलीचा उपयोग फक्त इंजेक्टरच्या टोकापुरता, ते टोक ज्वालेतच असतं त्यामुळे तिथे कार्बन बसतो आणि पीईए तिथे काम करतं. वाल्व्हसाठी नाही.

लांबचापल्ला

आणि ऑक्टेन बूस्टर? त्यावर तीन पॉइंट वाढतो असं लिहिलेलं असतं.

मोजूनमापून

बऱ्याच बाटल्यांवर पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. ९१ चं ९४ नाही होत, ९१.३ होतं. आणि इंजिन नॉक करत नसेल तर ऑक्टेन वाढवून ताकद वाढत नाही, ऑक्टेन म्हणजे आपोआप पेटायला विरोध, ऊर्जा नाही. काही बूस्टरमध्ये मँगनीजचं किंवा लोखंडाचं संयुग असतं, ते वापरणाऱ्यांचे प्लग काढून बघा, टोकाला लालसर तांबूस थर दिसतो, तो विजेची गळती करतो. जास्त ऑक्टेन लागत असेल तर पंपावरचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, विषय संपला.

तसंच इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे १० टक्के इथेनॉल असेल तर ॲव्हरेज तीनेक टक्के पडणारच, कुठलीही बाटली ती ऊर्जा परत आणणार नाही. आणि टाकीत पाणी जाऊन इथेनॉल-पाणी खाली वेगळं बसलं असेल तर ते परत मिसळायच्या भानगडीत न पडता टाकी रिकामी करा.

एक मात्र बाटलीच्या बाजूने सांगायला पाहिजे, डिटर्जंटचं महत्त्व पेट्रोलमध्येच दिसून आलंय. अमेरिकेत १९९५ पासून किमान डिटर्जंट सक्तीचं आहे, ते कमी पडतं म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटाने टॉप टिअर नावाचं वरचं मानक काढलं. ट्रिपल ए या तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये ६४०० किमी धावण्याएवढी चाचणी इंजिनवर घेतली, तर मानकाबाहेरच्या पेट्रोलने इनटेक वाल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर सोडला. चांगलं डिटर्जंट असलेलं पेट्रोल कायम भरणाऱ्याला बाटलीची गरज फार कमी पडते.

जुनाकार्बोरेटर

डांबराच्या गोळ्यांचं पण लिहून टाका, अजून पेट्रोलमध्ये टाकतात लोक.

मोजूनमापून

हो काका. पूर्वीच्या गोळ्या नॅप्थॅलीनच्या असायच्या, आता बऱ्याच पॅराडायक्लोरोबेंझीनच्या येतात, म्हणजे क्लोरीन. जळल्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. इंजिनात ॲसिड घालू नका, एवढंच.

पाचवागिअर

अपडेट देतो!! स्मोक टेस्ट केली. दोन मिनिटं काहीच दिसेना, मग मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूने सुतासारखी बारीक धुराची रेघ वर आली. पीसीव्हीचा रबरी पाइप, वरून ठणठणीत दिसत होता पण क्लॅम्प सरकवल्यावर त्याच्या बरोबर खाली चीर, नखाएवढी. पाइप बदलला. आता आयडलला +२, २५०० ला +१, थरथर पूर्ण गेली. दादा तुम्ही आकडे बघून घरबसल्या सांगितलंत, मनापासून धन्यवाद.

पण सकाळचा सेल्फ अजून लांबतोच. तीन-चार सेकंद लागतात.

इंजेक्टरवाला

छान झालं. सकाळच्यासाठी हे करून बघ. चावी ऑन कर, सेल्फ मारू नको, टाकीतला पंप दोन सेकंद वाजून थांबेल, ऑफ कर, परत ऑन. असं तीनदा आणि मग सेल्फ. लगेच चालू झाली तर रात्रभरात रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपचं) प्रेशर उतरतंय असं समज.

पाचवागिअर

केलं. पहिल्या झटक्यात चालू!

इंजेक्टरवाला

मग दोनच चोर. पंपातला चेक वाल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), नाहीतर एखादा इंजेक्टर बंद असताना गळतोय. गॅरेजमध्ये रेलला गेज लावून घे आणि पंप व रेलच्या मध्ये कॉक असलेला तुकडा, प्लॅस्टिकची लाइन पकडीने दाबू देऊ नकोस, तडकते. पंप चालवून प्रेशर आणायचं, कॉक बंद करायचा, अर्धा तास बघायचं. इंजिन थंड असतानाच कर. प्रेशर टिकलं तर पंप, कॉक बंद असूनही पडलं तर इंजेक्टर. घरी करू नको, प्रेशरमधलं पेट्रोल आहे.

पाचवागिअर

कॉक बंद, अर्ध्या तासात ३.५ बारवरून १.२ वर.

इंजेक्टरवाला

म्हणजे इंजेक्टर. सुई जिथे बसते त्या जागेवर थर बसला की ती पूर्ण मिटत नाही. आता काढ ती डिक्कीतली बाटली, आणि आधी डेटा शीटमध्ये पीईए आहे का बघ. असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण, टाकी भरायच्या आधी ओत म्हणजे नीट मिसळेल, आणि ती टाकी शक्यतो लांबच्या सलग ड्राइव्हमध्ये संपव. ऑइल बदलायला आलं असेल तर ही टाकी संपल्यावर बदल, थोडं केमिकल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. गळती या एका टाकीने जाईलच असं नाही, रबर किंवा सुई झिजली असेल तर काहीच होणार नाही, इंजेक्टर काढावा लागेल. पण इथे ते योग्य जागी पोचतं, म्हणून टाक म्हणतोय.

पाचवागिअर

पीईए आहे, तपासलं. एक टाकी हायवेवर संपवली, काल ऑइल बदलताना परत तोच गेज लावून घेतला. अर्ध्या तासाला ३.५ वरून २.८. सकाळी चावी एकदाच फिरवली आणि सेकंदभरात चालू. दुसरी टाकी नुसत्या पेट्रोलवर चालवतोय, ती संपली की परत मोजून इथेच टाकतो.